हॉर्न वाजला की गोळी

माझी सासू बोलायला फटकळ आणि खर्चाला चिक्कू. लग्न होऊन आले तेव्हा मनातल्या मनात मी तिला पुष्कळ नावं ठेवली. आज तिच्याविरुद्ध कुणी अवाक्षर काढलं, तर मीच पदर खोचून भांडायला उभी राहते.

थोरल्या मुलीच्या बाळंतपणात माझं रक्त थांबेना. गावच्या दवाखान्यातून जीपमध्ये घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. सासू माझे पाय मांडीवर घेऊन बसली होती आणि रस्ताभर ड्रायव्हरला शिव्या घालत होती. मी वाचले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "अंगात रक्त भरायला वेळ द्या. तीन वर्षं तरी पुढचं मूल नको. लवकर दिवस राहिले तर या खेपेसारखं निभावेलच असं नाही."

मला वाटलं, सासू नाक मुरडणार. तर ती माझ्याआधी कामाला लागली. मुलगी रांगायला लागल्यावर गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी दिवस राहू नयेत म्हणून गोळ्यांचं पाकीट दिलं, ते तिने माझ्या हातातून काढून घेतलं. "तुझं चुलीवरच्या दुधाकडे लक्ष नसतं, गोळीकडे काय असणार?" म्हणाली, आणि पाकीट चहाच्या डब्याशेजारी ठेवून दिलं.

माझा नवरा ट्रक चालवतो. आठवडा आठवडा बाहेर. वळणावर हॉर्न वाजला की समजायचं, आला. सासू हॉर्न ऐकला की आधी पाकीट काढायची, गोळी माझ्या हातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. तो गेला की गोळ्या बंद. नर्सबाईंनी रोज घ्यायला सांगितलं होतं, पण सासूच्या मते दवाखान्यातली माणसं सगळंच वाढवून सांगतात. "घरात माणूस नसताना दिवा कशाला जाळायचा?" हा तिचा हिशेब, आणि मला तो अगदी पटला. दोघींची अक्कल एकाच मापाची. पाकीट इतकं पुरतंय याचं आम्हाला कौतुकच होतं.

मग माझी पाळी चुकली. आठवडाभर मी गप्प राहिले, शेवटी भांडी घासताना तिला सांगितलं. ती हातातली कढई तशीच टाकून निघाली आणि नर्सबाईंना घेऊनच परतली.

"गोळ्या चालू आहेत ना?" नर्सबाईंनी विचारलं.

"हे काय," सासूने मोठ्या तोऱ्यात पाकीट पुढे केलं. "निम्म्या अजून शिल्लक आहेत. तो घरी असला की एकही चुकवू दिली नाही मी."

नर्सबाईंनी पाकीट घेऊन उरलेल्या गोळ्या मोजल्या. "अहो आजी, गोळी रोज घेतली तरच लागू पडते. नवरा घरी असो नाहीतर नसो."



तपासायची पट्टी ओट्यावर ठेवून आम्ही तिघी उभ्या राहिलो. दोन रेघा उमटल्या तर दिवस राहिले, एक उमटली तर नाही. मुलगी माझ्या पायाला धरून उभी होती. ही आईवाचून कशी वाढेल, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

"पोरी, मीच घात केला गं तुझा," सासू म्हणाली. आपली चूक झाली असं तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मी तिचा हात धरला. "दोघींनी केला, आई."

रेघ एकच आली. तरी चार दिवसांनी पुन्हा तपासू, असं नर्सबाई म्हणाल्या, पण त्याआधीच पाळी आली. त्यानंतर त्यांनी तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवलं. नवरा आल्यावर सासूने त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तो लाजून लाल झाला. "आई, तू कशाला यात पडतेस?"

"जीपमध्ये हिचे पाय माझ्या मांडीवर होते, तुझ्या नव्हते," ती म्हणाली. इंजेक्शनची वेळ आली की ती चपला घालून माझ्याआधी दारात उभी असायची. माझ्या आईनेही माझी एवढी काळजी केली नसती, असं म्हटलं तर आईला राग येईल, पण खरं आहे.

दुसरं मूल झालं तेव्हा थोरली शाळेत जायला लागली होती. नर्सबाई बाळ गुंडाळून बाहेर घेऊन गेल्या. मला आत सगळं ऐकू येत होतं.

"घ्या आजी, नातवंड."

"ते राहू दे. ती बोलतेय का?"

"बोलतेय की. सगळं व्यवस्थित आहे."

"मग मला ऐकू दे."

मी आतून हाक मारली, "आई."

चार माणसांत कधी गप्प न बसणारी माझी सासू बाहेर भिंतीला टेकून रडत होती, असं नर्सबाईंनी नंतर सांगितलं. मुलगा झाला की मुलगी, हे तिने त्यानंतर बऱ्याच वेळाने विचारलं.