पहिल्या खेपेला अडणारी लेन्स

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी स्वभावाने घाबरट आहे. वयाने जुनी, अंगाने जड, आणि एका मोठ्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स. एका रोलवर फक्त बारा चौकोनी फोटो काढणारा तो कॅमेरा तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. तुमच्या फोनमध्ये माझ्या नात्यातली एक लेन्स आहे, शर्टाच्या बटणाहून लहान. तिला माझ्यासारख्या काळज्या नसाव्यात.

माझ्या पोटात पाच पातळ पोलादी पात्या आहेत. कळ दाबली की त्या उघडतात, उजेड आत घेतात आणि मिटतात. किती वेळ उघडे राहायचे, ते बारीक दातेरी चाके ठरवतात. कारखान्यातून निघाले तेव्हा एक सेकंद सांगितला की मी बरोबर एक सेकंदच घेत होते. पुढे सव्वीस वर्षे मी एका स्टुडिओत काढली. तिथले फोटोग्राफर गिऱ्हाइकांना म्हणायचे, "हिच्या फोटोत पापण्यांचे केस मोजून घ्या!" आणि लोक खरेच मोजायचे. मग नवे कॅमेरे आले आणि मी खणात गेले. अकरा वर्षे मला कोणी हात लावला नाही. आतले तेल घट्ट होत गेले. शेवटी त्या फोटोग्राफरांच्या मुलाने कपाटाबरोबर मलाही विकून टाकले.

अशी मी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आले, आणि तिथे माझ्या मागे एक गुपित लागले. अंग आखडल्यामुळे सकाळी पहिल्यांदा कळ दाबली की माझ्या पात्या उघडायच्या, पण वेळेवर मिटायच्या नाहीत. एका सेकंदाचे चार सेकंद व्हायचे. दुसऱ्या, तिसऱ्या खेपेला जरा बरे, आणि पाचव्यापासून अगदी ठणठणीत. दुकानदार रोज दुकान उघडले की मला दहा-बारा वेळा चालवून ठेवायचा. गिऱ्हाईक येईपर्यंत मी शहाण्यासारखी वागू लागायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची! माणूस वाईट नव्हता. दाढीच्या मऊ ब्रशने माझी धूळ झटकायचा. पण खरे तोही सांगत नव्हता आणि मलाही सांगता येत नव्हते.

एका सोमवारी तो फोनवर कोणाला तरी म्हणाला, "तुमची अशीच लेन्स पात्यांवाचून अडलीय ना? शनिवारपर्यंत ही विकली गेली नाही, तर खोलतो आणि पात्या तुम्हाला देतो."

त्या क्षणापासून माझा जीव टांगणीला लागला.

गुरुवारी दोघी आल्या, एक फोटोग्राफर आणि तिची आई. आई चौतीस वर्षे रुग्णालयात नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली. मुलीची लेन्स स्टँडवरून पडून फुटली होती. रविवारी तिला एका जुन्या छापखान्यातल्या कामगारांचे फोटो काढायचे होते, खिडकीच्या उजेडात, सेकंदभराच्या मंद वेगाने. तो छापखान्याचा शेवटचा दिवस होता. त्यानंतर ती माणसे चार दिशांना जाणार होती.

तिने बॅटरी लावून माझ्यातून आरपार पाहिले. "बुरशी नाही, ओरखडा नाही," ती म्हणाली. मग तिने एका सेकंदावर कळ दाबली. सकाळची कसरत झालेली असल्याने मी झर्रकन उघडले आणि वेळेवर मिटले. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाली धाकधूकच.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत घरी ठेवा, ताई," दुकानदार म्हणाला. "नाही पटली तर परत आणा."

गुरुवारी दुपारी तिने एक रोल काढला. सगळे सुरळीत झाले. शुक्रवारी मात्र मी दिवसभर फळीवर पडून होते. शनिवारी सकाळी तिने आईला खिडकीशी बसवले आणि पात्यांची स्प्रिंग ताणणारी कळ चढवली.

"आई, हलू नकोस हं. एकच सेकंद."

पात्या उघडल्या आणि तशाच राहिल्या. मी जिवाच्या आकांताने त्या ओढत होते. शेवटी मिटल्या एकदाच्या. मुलीचे लक्ष आईच्या चेहऱ्याकडे होते, तिला काही जाणवले नाही.

आई म्हणाली, "हा सेकंद नव्हता गं."

"म्हणजे?"

"चौतीस वर्षं लोकांची मनगटं धरून सेकंद मोजलेत मी. हे चार झाले. थोडे जास्तच."

मुलीने पुन्हा कळ दाबली. मला अडीच सेकंद लागले. तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिने तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला.

"अहो ताई, रोज सकाळी दहा-बारा वेळा चालवतो मी तिला," तो म्हणाला. "मग दिवसभर कुरकुर नाही करत. त्यात सांगायचं काय?"

"तेच तर सांगायचं होतं!"

"मग आणा परत. तसंही एका गिऱ्हाइकाला तिच्या पात्या हव्यातच."

झाले, पितळ उघडे पडले होते. मुलगी मला कॅमेऱ्यावरून काढू लागली. मी तिला दोष देणार नाही. उद्या छापखान्यात मी असाच घात केला असता, तर ती माणसे तिला पुन्हा कुठे भेटणार होती?

"थांब," आई म्हणाली. "न तपासताच घरी पाठवतेस होय पेशंटला?"

"आई, लेन्स आहे ती!"

"असू दे. मला कागद दे आणि तू तुझं काम कर."

आईने कागदावर रेघा मारून वॉर्डात असायचा तसा तक्ता केला. तासाभराने मला एकदा चालवले आणि तोंडातल्या तोंडात मोजले. ठीक. दुपारी बाराला पुन्हा. ठीक. मग मुद्दाम पाच तास तिने मला हात लावला नाही. ते पाच तास मी कसे काढले, माझे मला माहीत. पाच वाजता पहिल्या खेपेला मी दोन सेकंद घेतले, तिसऱ्या खेपेला बरोबर एक. तिने सगळे लिहून ठेवले.

सहा वाजता मुलीने चपला घातल्या. मी पिशवीत होते. दुकान सातला बंद व्हायचे.

"हे बघ आधी," आईने तक्ता पुढे केला. "ही लबाड नाहीये. आखडलीय. माझे गुडघे सकाळी बघतेस ना? पहिली चार पावलं भिंत धरून टाकते. म्हणून मला कुठे परत देऊन आलीस?"

मुलीला हसू फुटले. माझे मात्र अजून धाबे दणाणलेले होते.

"आणि उद्या दगा दिला तर?"

"मी येते ना तुझ्याबरोबर. तुझी माणसं गोळा होईपर्यंत हिला चालवून देते."

मुलीने उंबऱ्यातच तक्ता पुन्हा वरून खाली वाचला. मग तिने चपला काढल्या आणि दुकानदाराला कळवले, "लेन्स ठेवतेय मी."

रविवारी छापखान्यात कागदाच्या रिमांवर बसून आईने मला मोजून बारा वेळा चालवले. हातांना शाई लागलेली माणसे खिडकीशी येऊन उभी राहिली. प्रत्येक फोटोला मला वाटायचे, आता अडणार. प्रत्येक फोटोला आई ओठ हलवून मोजायची आणि मान डोलवायची. दोन दिवसांनी फिल्म धुऊन झाली. बाराच्या बारा चौकोन स्वच्छ आले होते. माझी काच पुसताना मुलीचा हात हलका झाला होता.

माझे जुने तेल काढणारा जाणकार कारागीर ती शोधते आहे. तोवर रोज सकाळी आई मला हातात घेते. पहिल्या खेपेला मी अजूनही अडते आणि अजूनही घाबरते. आईच्या कपाळाला आठी पडत नाही. ती पुन्हा कळ चढवते.

मित्रांनो, तुमच्या घरातले एखादे जुने यंत्र किंवा जुने माणूस पहिल्या हाकेला उठले नाही, तर लगेच पाठ फिरवू नका. त्याला रोज थोडे तरी काम द्या, आणि एकदा दुसरी हाक मारून पाहा. पहिली आम्ही ऐकलेली असते. उठायला तेवढा वेळ लागतो.