उलटा ओटा

बायको गेल्यावर काका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामावर परत आले, तेव्हा साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बसवलं, स्वतः उठून पाण्याचा ग्लास दिला आणि म्हणाले, "काका, सध्या तुम्ही हलकंच काम घ्या. डोक्याला ताप नको."

हलकं काम म्हणजे नव्या इमारतीच्या, कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमधली स्वयंपाकघरं उलटी होती ती सुलटी करायची. साहेबांच्या मनात वाईट काही नव्हतं. ते स्वयंपाकघर मुळात कुणाचं, हे त्यांना बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.

ते काकांच्या घरचं होतं. काकांची बायको डावखुरी. घरचा ओटा नव्याने घातला, तेव्हा काकांनी सिंक, शेगडी, भांडी निथळायची जाळी, सगळं चारचौघांच्या उलट बाजूला काढलं होतं. काकांच्या हातून बायकोला दागिनाबिगिना काही झाला नाही. ओटा तेवढा झाला. पुढे ऑफिसात कॉम्प्युटरवर अख्खी इमारत उभी करायची पद्धत आली आणि साहेब म्हणाले, "एक चांगलंसं स्वयंपाकघर काढून ठेवा, सगळीकडे तेच वापरू." काकांना जे चांगलं स्वयंपाकघर माहीत होतं, ते त्यांनी काढलं. त्याचा ग्रुप बांधला आणि नाव दिलं 'के-एक'.

ग्रुपची गंमत अशी की तो एकदा बांधला की हव्या तितक्या फ्लॅटमध्ये ठेवता येतो, आणि एका ठिकाणी नळ सरकवला की सगळ्या मजल्यांवरचे नळ मुकाट्याने सरकतात. त्यामुळे एका डावखुऱ्या बाईचा ओटा गावभर झाला. लोक राहायला आले, थोडे दिवस भांडी आदळली आणि गप्प बसले. घर घेताना माणसं फरशीचा रंग बघतात. ओट्यापाशी उभं राहून बघायचं कुणाला सुचत नाही.

या वेळी मात्र बिल्डरच्या आईने नकाशा पाहिला. म्हातारीने चष्मा पुसला, कागद दोनदा फिरवला आणि म्हणाली, "अरे, हे उलटं आहे." झालं.

इकडे घरीही तेच चाललं होतं. काकांची मोठी बहीण, अक्का, भावाच्या सोबतीला येऊन राहिली होती. एका संध्याकाळी काका घरी आले तर जाळी या टोकाची त्या टोकाला गेलेली, शेगडी फिरवलेली, झाऱ्या-पळ्यांचे हूक उपटून दुसऱ्या भिंतीत ठोकलेले. फक्त सिंक जागच्या जागी होतं, कारण ते अक्काला उचलता आलं नाही.

"अक्का, हे काय?"

"काय म्हणजे? तू उजव्या हाताचा, मी उजव्या हाताची. मग हा उलटा संसार कुणासाठी ठेवायचा?"

अक्काचं कधी काही चुकायचं नाही, हीच तिची खोड होती. "बरं केलंस," असं म्हणून काका हातपाय धुवायला गेले.

म्हणजे तो ओटा आता खरा कुठे उरला असेल, तर मॉडेलमध्ये. आणि तो तिथून पुसायचं हलकं काम काकांकडेच.

त्यांनी ते नीट केलं. के-एकची प्रत काढली, ती फिरवून सुलटी केली, तिला 'के-दोन' नाव दिलं आणि मजल्यामागून मजला बदलत गेले. के-एक निघाला की त्याचे टॅगही जायचे. टॅग म्हणजे नकाशावर ओट्याला, सिंकला, कपाटाला नाव सांगणाऱ्या चिठ्ठ्या. त्या ग्रुपला बांधलेल्या असतात. घर गेलं की दारावरची पाटी जाते, तसंच. मग नव्या ओट्यांना नवे टॅग. या कामात काकांचा हात धरणारा ऑफिसात कुणी नव्हता.

दुसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला फ्लॅट तेवढा शेवटी राहिला. काकांचं बोट माऊसवर थांबलं. नकाशे बाहेर जाण्याआधी ते तपासणाऱ्या ऑफिसातल्या मॅडम मॉडेलची झाडलोट करायच्या, हे त्यांना माहीत होतं. जो ग्रुप एकाही फ्लॅटमध्ये नाही, तो त्या झाडलोटीत कायमचा जातो. एका फ्लॅटमध्ये जरी राहिला तरी वाचतो. काकांनी इकडे तिकडे पाहिलं आणि तो फ्लॅट तसाच ठेवला. मग सवयीने अख्ख्या मजल्यावर एकदम टॅग लावले आणि चहाला गेले.

इथेच घोळ झाला. टॅग स्वतःच्या मनाने काही लिहीत नाही. तो ओट्याला नाव विचारतो आणि ओटा सांगेल ते छापतो. भीडमुर्वत नाही. साऱ्या मजल्यावर के-दोन, के-दोन, के-दोन, आणि कोपऱ्यात ठळक के-एक. चोरी करून काकांनी त्यावर स्वतःच पाटी लावली होती.

मॅडम वयाने काकांच्या मुलीएवढ्या, पण नजर कडक. त्या लॅपटॉप घेऊनच काकांच्या टेबलापाशी आल्या.

"काका, हा एक राहिला का?"

"राहिला नाही," काका म्हणाले. "ठेवलाय."

"का?"

खरं सांगावं, असं काकांच्या ओठापर्यंत आलं होतं. पण खरं सांगितलं असतं तर मॅडमचा चेहरा पडला असता, साहेबांनी पुन्हा पाणी दिलं असतं, आणि सगळ्यांनी हळहळत तो ओटा पुसला असता.

"तिथून पाइप जातो," काका म्हणाले. "सिंक दुसऱ्या बाजूला घेतलं तर अडेल."

"अच्छा. बरं झालं तुमच्या लक्षात आलं," मॅडम म्हणाल्या आणि नकाशावर तशी टीपही टाकून मोकळ्या झाल्या.

नकाशा नळाचं काम बघणाऱ्या इंजिनियरकडे गेला. त्याने टीप वाचली, आपल्या नकाशात पाइप शोधला, तो काही सापडला नाही. आता आपल्याकडून पाइप राहिला का, हे विचारायला जाण्यापेक्षा पाइप आखून टाकणं सोपं. त्याने तो आखला. पुढच्या आठवड्यात काकांनी मॉडेल उघडलं, तर त्यांची थाप गच्चीपासून तळापर्यंत सरळ उभी होती, व्यासासकट.

"बघा, त्यांच्याकडून राहूनच गेलं होतं," मॅडम चहा पिताना सगळ्यांना सांगत होत्या. "काकांनी सांगितलं म्हणून. अनुभव म्हणतात तो हा."

काकांनी मान खाली घालून बिस्किट बुडवलं. ते चहात पडलं.

इमारत झाली. सगळे फ्लॅट गेले, कोपऱ्यातला जाईना. शेवटी एक नवरा-बायको तो बघायला आले आणि बाई स्वयंपाकघराच्या दारातच अडली. साइटवरच्या माणसाने पाइपाकडे बोट दाखवून हात वर केले आणि साहेबांनी काकांना पाठवून दिलं.

"हा ओटा तुम्ही काढलाय?" बाईंनी विचारलं.

"हो."

"उभ्या आयुष्यात कधी भाजी चिरलीत का?"

"नाही," काका म्हणाले. "पण जी चिरायची तिला हा पसंत होता."

"मग तिलाच सांगा इथे राहायला."

नवरा ओशाळून खिडकीबाहेर बघायला लागला. काकांना मात्र राग आला नाही. बायको गेल्यापासून जो तो तिच्याविषयी हळू आवाजात, जपून बोलत होता. ही पहिलीच बाई तिच्याशी चक्क भांडत होती. आणि तिच्या वतीने बोलायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.

काकांनी पिशवी खाली ठेवली.

"असं नुसतं दारातून बोलू नका, ताई," ते म्हणाले. "आधी इथे येऊन उभ्या राहा. खिडकी कुठे आहे बघा. चिरताना उजेड कुठून येतो ते बघा."

"उजेड ठीक आहे हो. पण हात?"

"हाताचं नंतर बोलू. आधी उजेडाचं कबूल करा."

"हे बरंय," बाई म्हणाल्या आणि पदर खोचून आत आल्या.

भांडण चांगलं तासभर चाललं. काकांनी एकही मुद्दा सोडला नाही.