मानोजीअण्णांची कावड

"टाकात बसलेल्या माणसाची चौकशी करू नये," असं अत्ते, म्हणजे माझ्या सासूबाई, मला म्हणाल्या होत्या. "देव झालाय तो. हवं तर नमस्कार कर." मी "सरी अत्ते" म्हणून होकाराची मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी चौकशीला लागले.

निमित्त दिव्यश्रीचं. माझी लेक दीड वर्षाची आहे, जे हाती लागेल ते तोंडात घालते. बंगळूरला बनशंकरीतल्या आमच्या फ्लॅटमधला देव्हारा मी मुद्दाम उंच बसवून घेतला होता, तरी खुर्चीवर चढून तिनं एक टाक पळवलाच. तो तिच्या गालातून काढल्यावर मी आधी फोनवर शोधलं, जुन्या चांदीत शिसं असतं का. मग तो टाक पहिल्यांदा नीट पाहिला. घोड्यावर बसलेला, तलवार उगारलेला वीर. हे मानोजी राव, माझ्या दिवंगत सासऱ्यांचे थोरले भाऊ, एकाहत्तरच्या लढाईत गेलेले.

लढाईत पडलेल्या माणसाची चांदीच्या पत्र्यावर मूर्ती उठवून ती देवांत बसवायची, ही या घराची रीत. बंगळूरात साडेतीनशे वर्षं झाली तरी सुटलेली नाही. पण एकदा देवांत बसवलं की माणसाबद्दल कुणी काही विचारत नाही. एकाहत्तर साली घोडा आणि तलवार कुठून आली, हेसुद्धा कुणी विचारलं नव्हतं. माझ्या लेकीनं विचारलं तर मी काय सांगणार होते?

बोलायच्या त्या एकट्या सगुणाक्का. मानोजींची धाकटी बहीण, जे. पी. नगरला राहतात. भाऊ गेला तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. दर खंडेनवमीला येतात, टाकाला फूल वाहतात आणि जमलेल्या पोरांना सांगतात, "आमच्या अण्णानं एकट्यानं वीस जण कापले." माझ्या लग्नाच्या वर्षी वीस होते. गेल्या वर्षी चाळीस झाले. सांगताना त्यांची मान अशी काही ताठ होते, की आकड्याचा विषय कुणी काढत नाही.

माजी सैनिकांच्या कार्यालयात मी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला तिथल्या बाईंनी कागद माझ्याकडे वळवला. नाव, गाव, वडिलांचं नाव, सगळं बरोबर. त्याखाली काम लिहिलं होतं: कुक.

मी तो शब्द परत परत वाचला. म्हणजे सासऱ्यांच्या वडिलांनी टाक घडवताना सोनाराला नेहमीचा वीर सांगितला होता, आणि आचाऱ्याचा घोडेस्वार झाला होता. सगुणाक्कांच्या हातून मी चाळीस जण कापणारा भाऊ काढून घेणार होते. गप्प बसावं, असंही वाटलं. पण त्याच बाईंनी एक नंबर दिला. मानोजींच्याच पलटणीतले कृष्णमूर्ती, देवनहळ्ळीला असतात.

दोन बस बदलून, पोरीला कडेवर घेऊन गेले. घरांसाठी प्लॉट पाडलेल्या दोन नव्या लेआउटांच्या मधे उरलेली छोटी द्राक्षबाग, तिच्यात एक खोली. कृष्णमूर्ती एकटेच राहतात, वय शहात्तर. ते कन्नडमधून बोलले, मी मराठीत लिहिते आहे.

"मानोजी?" ते हसायलाच लागले. "त्याच्या डाळीत आम्ही पोहायला शिकलो. एवढी पातळ! तोंडावर सांगायचो. तो म्हणायचा, बुडून मर, पण ताट धुऊन ठेव."

"आणि शेवटी?" मी विचारलं.

"आमच्या तीन चौक्या पुढं होत्या. मधे उघडं शेत. सकाळपासून गोळे पडत होते. कुणी जेवण आणेल असं वाटलंच नव्हतं. भर दुपारी बघतो तर हा बांबूची कावड खांद्यावर घेऊन शेतातनं येतोय, दोन्हीकडे डबे. पहिल्या चौकीला वाढलं, दुसऱ्या, मग आमच्या. भात गरम होता, बाई. मी म्हटलं, अंधार पडेपर्यंत थांब. तर म्हणाला, मागं जखमींना पेज कोण देणार? म्हटलं, मग डबे तरी टाकून जा, पळता येईल. तर म्हणाला, सकाळचा चहा कशात उकळू, तुझ्या बुटात?"

परतताना, शेताच्या मधोमध, गोळा जवळ पडला.

पुढच्या रविवारी मी सगुणाक्कांना आमच्याकडे बोलावलं. बोलताना माझी नजर फरशीवर होती. सगळं सांगितलं, कुक हा शब्दही. त्यांनी देव्हाऱ्यातला टाक उतरवून हातात घेतला. मला वाटलं, केलं ते चुकलंच.

मग त्यांनी विचारलं, "तिन्ही चौक्या जेवल्या ना?"

"जेवल्या, अक्का."

"गरम?"

"गरम."

त्यांची मान ताठ झाली. चाळिसांच्या वेळी व्हायची, त्याहूनही जास्त. "सकवार," त्यांनी अत्तेंना हाक मारली, "यंदा खंडेनवमीला टाकापुढं तलवार नको. वाढायचा मोठा डाव ठेव. हळदकुंकू लावून."

"अक्का, लोक हसतील."

"हसू देत. हसेल त्याला म्हणावं, गोळे पडताना चार वाट्या भात पोचवून दाखव स्वल्प." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण मला हे त्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय. अण्णा कसा बोलायचा, ते माझ्या लक्षातच राहिलं नाही गं. त्याच्या लक्षात आहे."

खंडेनवमीला कृष्णमूर्तींना घेऊन येते, असं मी कबूल केलं. तेही फोनवर "येतो" म्हणाले, नवा शर्ट काढतो म्हणाले. हे सोमवारी. बुधवारपासून त्यांचा फोन लागत नाही. आज शनिवार. दिव्यश्रीला दोन दिवस ताप आहे, नवरा बाहेरगावी, आणि अण्णाचं बोलणं लक्षात असलेला दुसरा माणूस आता मला माहीत नाही. चार्जर बिघडला असेल, असं मी स्वतःला सांगते आहे.

तुमचं कुणी देवनहळ्ळीला राहत असेल, तर एवढं करा. किल्ल्यापासून पुढं, दोन लेआउटांच्या मधे द्राक्षबाग आहे, निळं फाटक. हाक जोरात मारा, उजव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही. उत्तर आलं नाही तर फाटक ढकलून आत जा, आणि ते बरे आहेत का, मला कळवा.