डाव्या विंगेतला माणूस

स्मशानभूमीच्या ऑफिसातल्या कारकुनाने फॉर्म भरता भरता विचारलं, "व्यवसाय?"

"प्रॉम्प्टर."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे नट?"

"नट नाही. नट वाक्य विसरला की विंगेत अंधारात बसून हळूच पुरवतो, तो."

त्या बाबाने खुशाल 'नट' लिहिलं. पस्तीस वर्षं ज्याचं नाव जाहिरातीत कधी आलं नाही, तो मेल्यावर नट झाला! मी खोडायला लावलं. नुकत्याच विधवा झालेल्या बाईशी सहसा कुणी वाद घालत नाही.

नवऱ्याला मी अरे-तुरेच करायची. आता मेला म्हणून अहो-जाहो जमायचं नाही. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. शेवटचे शब्द काय, तर "पंखा दोनवर ठेव." जन्मभर दुसऱ्यांना एकेक वाक्य पुरवलंन, स्वतःच्या वेळी मात्र पंखा!

दुसऱ्या दिवशी साडेअकराची वेळ मिळाली. आधी तिथल्याच हॉलमध्ये चाळीस मिनिटं सभा, मग विद्युतदाहिनी. घरी येते तर नाटक कंपनीचा मॅनेजर आणि आमचे महाराज सोफ्यावर बसून कार्यक्रम आखतायत. महाराज म्हणजे कंपनीतले मुख्य नट. तीस वर्षं राजेच करतात, म्हणून तेच नाव पडलंय. यादीत दोन गाणी, एक प्रवेश आणि आठ भाषणं.

"मध्यंतर कधी?" मी विचारलं.

मॅनेजर खरंच विचारात पडला.

महाराज म्हणाले, "वहिनी, त्याला माझा राजाचा अंगरखा घालू या. बिचारा जन्मभर अंधारात बसला."

"काळा शर्ट घालायचा. विंगेत दिसू नये म्हणून सात घेऊन ठेवलेत. त्यातला एक तरी मार्गी लागू दे."

"आई, होऊ दे ना त्यांच्या मनासारखं," लेक म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मला काय हवं होतं? त्याच्याबद्दल कुणीतरी एक, फक्त एक खरं वाक्य बोलावं. 'मनमिळाऊ' नको न् 'पोकळी' नको. मनमिळाऊ कसला डोंबलाचा! माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच पुढचं सांगून टाकायचा, भांडणातसुद्धा. पण नाटक पडू दिलं नाही त्याने कधी, आणि प्रेक्षकांत एकालाही तो माहीत नव्हता. जाताना तरी कुणी त्याच्याबद्दल ठरीव काही बोलू नये, एवढंच माझं म्हणणं.

मी यादीवर काट मारली. एकच भाषण, महाराजांचं, तीन मिनिटं.

सकाळी ते भाषण लिहून घेऊन आले. मला वाचून दाखवलं. पोकळी होतीच, तीही दोनदा. मी खोडली. मग ते म्हणाले, "कागद तुम्हीच ठेवा, मी कागद बघून बोलत नाही." ऐट बघा!

हॉल गच्च भरला होता. महाराज उभे राहिले, आवाज लावला, दोन वाक्यं झकास गेली. तिसऱ्याला म्हणाले, "त्याने आम्हाला..." आणि अडकले.

अडकल्यावर त्यांनी काय करावं? मान किंचित डावीकडे कलती केली आणि थांबले. डावीकडे होता पाण्याचा कूलर. हॉलमधल्या एकूण एक नटाची मान तिकडे वळली. सगळे गंभीर चेहऱ्याने कूलर काय सांगतो त्याची वाट बघतायत! मला हसू आवरेना.

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. लेकीने कोपर मारलं. "आई, सांग ना त्यांना."

नाही सांगितलं. पस्तीस वर्षं आयतं मिळालं, एकदा कळू दे म्हटलं.

महाराजांनी पुन्हा तिकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळले, आणि राजाचा आवाज कुठल्या कुठे गेला.

"वहिनी," ते म्हणाले, "तो तिथे नाहीये हो."

आदल्या दिवसापासून मी फॉर्म भरले, शर्ट इस्त्री केला, सगळ्यांना झापलं, डोळ्याला पदर लावला नव्हता. त्या वाक्याला मी अशी काही रडले की दाहिनीवरच्या माणसाला दोनदा आत येऊन तसंच परत जावं लागलं.