चित्र खाली, आवाज वर

तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू चिमट्यात धरून घड्याळात अचूक बसवणारा माणूस. त्याला एक वायर लॅपटॉपातून टीव्हीत खुपसायला असा कितीसा वेळ लागणार? पण जेवण उरकून टीव्हीमागे शिरलेले घड्याळजी पावणेचार वाजले तरी बाहेर यायचं नाव घेत नव्हते.

"अहो, फोनवरच बघू ना तिला," बायको तिसऱ्यांदा म्हणाली.

"फोनवर पोरगी अंगठ्याएवढी दिसते. आज मला ती नीट बघायचीय."

कारणही तसंच होतं. त्यांची लेक जहाजावर अधिकारी व्हायची परीक्षा देत होती. तोंडी परीक्षेत दोनदा आपटली होती, ही तिसरी खेप, आणि चौथी संधी कुणालाच मिळत नाही. निकाल आज चार वाजता. 'काय व्हायचं ते होवो, मीच व्हिडिओ कॉल करून सांगेन, तोवर कुणी फोन करायचा नाही,' असा तिनं दम भरला होता. पोरगी परक्या गावात एकटी बसून निकाल ऐकणार, या विचारानं घड्याळजींचा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी रिमोटवर 'एचडीएमआय दोन' निवडल्यावर लॅपटॉपचा पडदा टीव्हीवर झळकला. "बघ! म्हटलं नव्हतं?" घड्याळजी केसांतली जळमटं झटकत म्हणाले. आता राहिला आवाज. तो टीव्हीखालच्या लांबुळक्या स्पीकरमधून काढायचा, तोही बिनवायरीचा.

या स्पीकरची कथा ऐकण्यासारखी आहे. वरच्या मजल्यावर घड्याळजींचे थोरले भाऊ आणि वहिनी राहतात. आयुष्यभर बस चालवून कान इंजिनाला वाहिलेले, त्यामुळे त्यांनी असला स्पीकर आणला आणि घर दणाणून सोडलं. घड्याळजी वर जाऊन म्हणाले, "दादा, जरा हळू." दादा म्हणाले, "माझं घर, माझे कान." शब्दानं शब्द वाढला. दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी त्याच दुकानातून तोच स्पीकर आणला, अगदी त्याच रंगाचा, निव्वळ खुन्नस म्हणून. त्याला चौदा महिने झाले. दोघे सख्खे भाऊ, जिन्यात समोरासमोर आले तर एकाला एकदम बुटाची नाडी बांधायची आठवण होई.

लॅपटॉपवर ब्लूटूथची यादी उघडली. स्पीकरचं नाव दिसलं, घड्याळजींनी ते दाबलं, आणि 'जोडले' अशी अक्षरं आली. तेवढ्यात चारचा ठोका पडला आणि कॉल आला.

टीव्हीभर लेकीचं तोंड दिसलं. ती काहीतरी म्हणाली. ओठ हलले, पण आवाज नाही.

"ऐकू येत नाही गं!" बायको ओरडली.

घड्याळजींनी आवाजाची पट्टी वाढवली. अर्धी केली, पाऊण केली, मग पार टोकाला नेली. खोलीत चिडीचूप. आणि पडद्यावर लेक रडायला लागली. तळहातांनी डोळे पुसायची, बोलायची, पुन्हा रडायची. एवढ्या मोठ्या पडद्यावर तिचा एकेक अश्रू दिसत होता, पण रडणं आनंदाचं की दुःखाचं, ते काही केल्या कळेना.

"गेली हो संधी," बायको मटकन खाली बसली. घड्याळजींनी पट्टी पार खाली आणून पुन्हा टोकाला नेली.

तेवढ्यात वर धाडकन दार उघडलं आणि जिन्यावर धप धप पावलं वाजली. 'आला भांडायला. आजच मुहूर्त सापडला याला!' घड्याळजी मनात चडफडले. दार ढकलून दादा आत आले, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"पास झाली रे! पोरगी पास झाली!"

"तुला काय माहीत?"

"काय माहीत म्हणजे? माझ्या घरात बोंब ठोकून सांगतेय ती! बातम्या बंद पडल्या आणि ही सुरू. कपाटातली भांडी वाजली!" दादांना हसू आणि रडू एकदमच फुटलं. "साहेबानं म्हणे शाबासकी दिली तिला. परीक्षा घेणाऱ्यानं!"

घड्याळजींनी लॅपटॉपकडे बघितलं, मग आपल्या मुक्या स्पीकरकडे. त्यावर साधा दिवासुद्धा लागलेला नव्हता. दोन्ही स्पीकरचं नाव एकच, आणि जोडला गेला होता तो वरचा! हात्तिच्या! त्यांनी कपाळावर हात मारला, आणि बायको उठून आधी हसली, मग पदरात तोंड खुपसून ढसाढसा रडली.

पडद्यावर लेकीचं रडणं थांबलं होतं. तिला इकडचं सगळं ऐकू जात होतं. डोळे विस्फारून तिनं काहीतरी विचारलं.

वरून जिन्यातून वहिनींचा आवाज आला, "अहो, ती विचारतेय, मोठे काका आपल्या घरी कसे? दोघं बोलायला लागलात का, म्हणतेय!"

घड्याळजी सवयीनं बुटाची नाडी बांधायला वाकले, पण पायात बूटच नव्हते.

दादांनीच वायर उपसली. "उचल तो लॅपटॉप," ते म्हणाले. "पोरीचा आवाज वर आहे, तर चित्रही वरच ने. चल."

घड्याळजींनी लॅपटॉप दोन्ही हातांनी छातीशी धरला, पडदा बाहेरच्या बाजूला, म्हणजे पोरीला वाट दिसावी. पुढे दादा, मागे बायको, मध्ये लेक. एकेक पायरी चढताना वरून तिचं हसणं मोठं मोठं होत गेलं. दारात वहिनी उभ्या होत्या. त्या बाजूला सरकल्या आणि घड्याळजी आत गेले.