डाव्या दाराचा पोचा

अहो, हळू! दार असं आपटू नका, काळीज हललं माझं. काळीज नाही तर इंजिन म्हणा हवं तर. हो, मीच बोलतेय, ही करड्या रंगाची छोटी गाडी. एरवी तुम्ही माझा हॉर्न तेवढा ऐकता, आणि तोही तुमच्याच रागाचा असतो. आज जरा माझं ऐका.

मी मूळचीच दचकणारी. जन्मच तसा झाला. एका लांबलचक कारखान्यात सपाट पत्रा होऊन शांत पडले होते, तर वरून भलंमोठं यंत्र आलं आणि एका दणक्यात माझं दार झालं. दुसऱ्या दणक्यात दुसरं. त्या दणक्यांची धास्ती माझ्या अंगातून अजून गेलेली नाही.

माझे पहिले मालक औषधं विकत हिंडायचे. दुपारी झाडाखाली मला उभं करून ते डबा खायचे आणि साहेबांशी कसं भांडायचं याची रंगीत तालीम करायचे. काय तो आवाज, काय ते मुद्दे! मग प्रत्यक्ष साहेबांचा फोन आला की, "हो सर, बरोबर आहे सर." माणसं माझ्यात बसली की खरं बोलतात, एवढं मला तेव्हाच कळलं. पुढे त्यांनी मोठी गाडी घेतली आणि मी दादाकडे आले.

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर काचा पुसणारा माणूस, त्यामुळे माझी तर चैनच झाली. रोज सकाळी तो माझ्या काचेवर "हाऽ" करून श्वास सोडायचा आणि मऊ फडक्यानं गोल गोल पुसायचा. डाग असला की त्याला तो झोपेतही दिसेल. घरात तिघं. दादा, वहिनी आणि दादाची धाकटी बहीण. तिला सगळे ठकी म्हणतात.

ठकी कॉलेज संपवून रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली. लोक उपाशीपोटी रक्त द्यायला येतात, म्हणून तिला पहाटेच हजर राहावं लागतं, आणि त्या वेळी बसच सुरू झालेली नसते. शिकून, परीक्षा देऊन तिनं गाडीचा परवाना काढला होता. प्रश्न होता तो माझा. म्हणजे दादाचा.

"ठकी कुकरच्या शिट्टीला दचकते," दादा म्हणाला. "ती गाडी काय चालवणार?"

"मग तुम्ही सोडा तिला पहाटे," वहिनी म्हणाली.

पहाटे उठायचं म्हटल्यावर दादा नरमला. पण अट घातलीच. "गाडीला एक ओरखडा जरी आला, तरी किल्ली परत खुंटीवर. आणि मग नोकरी जवळपास शोधायची."

जवळपास दुसरी प्रयोगशाळा नव्हती. ते तिघांनाही ठाऊक होतं.

खरं सांगू? मला ठकी आवडायची. आमचं दोघींचं एकच दुखणं. मागून कुणी हॉर्न दिला की ती खांदे वर करायची आणि माझी चाकं आखडायची. आरसा ती तीनतीनदा बघायची. वळताना हळूच "सॉरी" म्हणायची, समोर कुणी नसलं तरी. पण रक्त काढताना म्हणे तिचा हात जराही हलत नाही. फोनवर मैत्रिणीला सांगत होती. माझा विश्वास बसला.

एके दिवशी प्रयोगशाळेच्या तळघरातल्या पार्किंगमधून ती मला बाहेर काढत होती. जागा अरुंद, पिवळे रंगवलेले खांब. डावीकडे वळताना माझं मागचं डावं दार खांबाला टेकलं. खर्रर्र आवाज झाला. ठकी दचकली. ब्रेक समजून तिनं पाय दिला तो नेमका अ‍ॅक्सिलरेटरवर, आणि मी खांबाला तशीच घासत पुढे सरकले. मग कुठे थांबलो. 

दाराला लांबट पोचा पडला होता आणि त्यावर खांबाचा पिवळा रंग फासला गेला होता.

घरी आल्यावर तिनं मला डावी बाजू भिंतीकडे करून उभं केलं, इतकं चिकटून की मांजरही मधून गेलं नसतं. दादा दुकानात होता. वहिनी बाहेर आली, वाकून फटीतून बघितलं आणि पदर खोचला.

"रडू नकोस. आधी हा पिवळा रंग घालवू."

"वहिनी, दादाला सांगूया?"

"सांगू की. दार सरळ झालं की सांगू."

मग ठकीनं मला भिंतीपासून दूर घेतलं आणि वहिनीनं टूथपेस्ट आणली. जुन्या ब्रशनं तिनं मला असं घासलं की जणू माझी दाढच किडली होती. रंग गेला, ओरखड्यांच्या रेघाही पुसट झाल्या. उरला नुसता खड्डा, तो पुन्हा भिंतीकडे. वहिनी स्वतःवर इतकी खूश होती की विचारू नका. आपण काय पुसून टाकलं याची तिला कल्पनाच नव्हती. मलाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठकीला सुट्टी होती. दादा दुकानात गेल्यावर दोघी मला घेऊन पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे आल्या. मिस्त्री गप्पिष्ट. हात आणि तोंड एकदमच चालू.

"कसं झालं ते नीट सांगा बरं का," तो म्हणाला. "पत्रा ज्या वाटेनं आत गेला, त्याच्या उलट वाटेनं बाहेर काढायचा असतो. शेवटी चेपलेलं आधी, आधी चेपलेलं शेवटी. मग रंगालासुद्धा हात लावावा लागत नाही."

ठकीनं तोंड उघडलं. पण वहिनी तिच्याआधीच बोलून मोकळी झाली.

"उभी होती हो गाडी. कोणीतरी सरळ येऊन ठोकून गेलं. थांबलंसुद्धा नाही."

"लोक!" मिस्त्री पेटलाच. "डोळे खिशात ठेवून गाड्या चालवतात. माझ्या हाती द्या एकेकाला!" ठकी माझ्या मागे जाऊन उभी राहिली.

त्यानं दाराचं आतलं आवरण उतरवलं, काचेच्या फटीतून वाकडी सळई आत घातली आणि खड्ड्याच्या मधोमध आतून जोर दिला. सरळ धडक बसली असती तर तेच बरोबर होतं. पण मी "टण्ण" ओरडले, आणि खड्ड्याच्या शेजारी नवंच टेंगूळ वर आलं.

मिस्त्रीनं पत्र्यावर उजेड पाडणारी ट्यूबलाइट सरकवली. सळई बदलली. पुन्हा जोर, पुन्हा टण्ण. आता दोन टेंगळं.

"हे माझ्या हातून कधी होत नाही. हल्लीचे पत्रे म्हणजे नुसते कागद!" तो कपाळ पुसत म्हणाला. मला कागद म्हणाला हो! "आणखी एक ठोका मोगरीनं जोरात देऊन बघतो. नाहीच ऐकलं तर दारच बदला."

माझं दार! जन्माचं दार! त्यानं लाकडी मोगरी उचलली आणि मी पत्रा घट्ट आवळून घेतला.

"थांबा!" ठकी इतक्या मोठ्यानं ओरडली की मोगरीच त्याच्या हातून सुटली. "गाडी उभी नव्हती. मी चालवत होते. वळताना खांबाला लागली. मग मी दचकून आणखी पुढे नेली."

वहिनीनं तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता.

मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिला. "मग इतका वेळ मी शिव्या कुणाला देत होतो?"

"मला," ठकी म्हणाली.

"आणि खांबाचा रंग? घासल्याच्या रेघा? त्या दिसल्या असत्या तर मला विचारावंसुद्धा लागलं नसतं."

वहिनी जमिनीकडे बघत म्हणाली, "टूथपेस्ट."

मिस्त्रीनं दाराला नाक लावलं. "तरीच! मघापासून पुदिन्याचा वास कुठून येतोय, म्हटलं."

पहिली हसली ती ठकी. मग तिघंही. मग त्यानं तिच्या हातात खडू दिला. "दाखवा, कुठून कुठे."

ठकीनं तळवा माझ्या दारावर टेकवला आणि पुढून मागे सावकाश नेला. "इथे टेकली. इथे आवाज आला. इथे मी दचकले. आणि इथपर्यंत गेले." प्रत्येक ठिकाणी तिनं खडूनं खूण केली. तिचा हात जराही हलला नाही.

आता मिस्त्रीनं शेवटच्या खुणेपासून सुरुवात केली, मागून पुढे. आतून हलकेच दाब, बाहेरून हलकेच टिचकी. अंग मोकळं व्हावं तसा माझा पत्रा सुटत गेला, टेंगळंही बसली. तेवढ्यात ठकीनं फोन काढला.

"अगं, कशाला आत्ता?" वहिनी कुजबुजली.

"दादा, गाडीला लागलंय. मीच लावलं." पलीकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण तिचा आवाज बदलला. "नाही रे. मला काही नाही झालं."

दादा रिक्षानं आला.  दाराशी वाकला, "हाऽ" करून श्वास सोडला, खिशातलं फडकं फिरवलं आणि तिरकं बघितलं.

"इथे थोडी लाट राहिलीय."

"ती घालवायला पूर्ण दार रंगवावं लागेल," मिस्त्री म्हणाला.

"राहू दे."

त्यानं मिस्त्रीकडून किल्ली घेतली. ठकीनं मान खाली घातली. वहिनीनं भांडायच्या तयारीनं श्वास घेतला. दादा माझ्या पुढून वळसा घालून गेला, डावीकडचं पुढचं दार उघडलं आणि तिथेच बसला. उजवीकडची सीट रिकामी.

"ठके, चल. दुकान उघडं टाकून आलोय." त्यानं किल्ली स्टिअरिंगच्या बाजूला पुढे केली. "आणि त्या तळघरात आधी जाऊ. कुठून वळतेस ते बघू दे मला."

मागे बसल्या बसल्या वहिनीनं तो श्वास सोडला.  वाटेत डाव्या बाजूला, जिथे ब्रेक नसतोच, तिथे दादा पायानं माझी रबरी चटई सगळा रस्ता दाबत होता. आणि ठकी वेळेवर खरा ब्रेक दाबत होती.

आता मी रोज पहाटे प्रयोगशाळेत जाते. दाराची लाट तिरक्या उन्हात दिसते, लपवायला मला भिंत लागत नाही. आम्ही दोघी अजूनही दचकतो. दचकून थांबतो मात्र. तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल, तर एवढंच मागणं आहे. आवाज झाला की खाली उतरा आणि बघा. आम्हाला फारसं लागलेलं नसतं. आणि मिस्त्रीला जे झालं तेच सांगा हो, मार खाणारी पाठ आमची असते.

ती बघा, ठकी आलीच. आधी ती सीट पुढे ओढेल, मग आरसा तीनदा बघेल. बघू दे. चला, येते मी.