चालवणाऱ्याची सही

धामापूरच्या अलीकडच्या चढावर किशोरीने अ‍ॅक्सिलरेटर दाबला तशी गाडी नुसती ओरडली. इंजिन जिवाच्या आकांताने बोंबलतंय आणि गाडी मात्र जागची हलेना. काचा बंद असूनही आत करपट वास भरला. मागच्या सीटवर तिची आई सुभद्रा आडवी पडली होती. कुडाळला डायलिसिस करून यायची तेव्हा तिच्या अंगात चिंधीएवढंही बळ नसायचं.

खरं तर आईचं घर वालावलला, म्हणजे चढाच्या बरंच अलीकडे. पण त्या दिवशी तिला फारच गळून गेल्यासारखं झालं होतं, म्हणून किशोरी तिला दोन दिवस तोंडवळीला, आपल्या सासरी घेऊन निघाली होती.

"काय जळता गो?" सुभद्राने विचारलं.

"काय नाय. तू पडान रव."

मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने दोन शिव्या हासडल्या आणि पुढे गेला. किशोरीने गाडी थंड होऊ दिली, पहिल्या गिअरमध्ये टाकून मुंगीच्या पावलांनी चढ काढला, आणि जीव मुठीत धरून घर गाठलं. भीती क्लचची नव्हती. आज शुक्रवार होता, आणि मंगळवारी आईला परत कुडाळ गाठायचं होतं. मंगळवार आणि शुक्रवार, या दोन दिवसांच्या खुंटीवर सुभद्राचा जीव टांगलेला होता. वालावलहून कुडाळ काही लांब नाही, पण सकाळच्या एसटीत उभं राहायची तिच्यात ताकद नव्हती आणि तिथल्या वाडीतला एकुलता एक रिक्षावाला मनाचा राजा होता. म्हणून किशोरी मालवणला जाऊन गाडी शिकली. चौतिसाव्या वर्षी बाई स्टेअरिंग धरते म्हणून तोंडवळीच्या वाडीने यथेच्छ हसून घेतलं. वर्षभरात बारा हजार किलोमीटर झाले, गाडीला एक ओरखडा नाही, तेव्हा वाडी गप्प बसली. कौतुक मात्र कोणी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती आणि नवरा सुदेश रखडत रखडत कुडाळच्या वर्कशॉपला गेले. कंपनीचंच वर्कशॉप, थंडगार काचेची केबिन, आणि आत कौस्तुभ नावाचा, कडक इस्त्रीच्या कपड्यांतला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर. त्याने दोन मिनिटं गाडी चालवून पाहिली आणि विचारलं, "गाडी कोण चालवतं?"

"मीच," किशोरी म्हणाली.

"हां, मॅडम चालवतात," तो सुदेशकडे बघून हसला. "क्लच प्लेट गेली आहे. ती झिजणारी वस्तू आहे, वॉरंटीत बसत नाही."

किशोरीने पिशवीतून वॉरंटीचं पुस्तक काढलं. रात्री बसून तिने ते अक्षर न् अक्षर वाचलं होतं. "भागातच दोष असला तर बसते. बारा हजारात प्लेट झिजते का? माझा डावा पाय गिअर बदलून झाला की बाजूला असतो. तुम्ही उघडून बघा. दोष माझा निघाला तर मी एक शब्द बोलणार नाही."

"जाऊ दे ना," सुदेश पुटपुटला. "कशाक उघडूक सांगतंस?"

तिला वाटलं, खर्चाला घाबरतोय. तिने ठणकावून सांगितलं, उघडा. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

सोमवारी त्यांना परत बोलावलं. गाडी वर टांगलेली, गिअरबॉक्स खाली उतरवलेला. कौस्तुभने प्लेट हातात धरून दाखवली. ती काळीठिक्कर पडली होती, आणि ती जिच्यावर घासते ती चकती उष्णतेने निळी झाली होती. "हे झिजणं नाही, जाळणं आहे," तो म्हणाला. "आणि खाली रेती बघा किती ती. किनाऱ्यावर नेली होती का?"

किशोरी गाडीखाली वाकली. पत्र्याच्या प्रत्येक सांध्यात पांढरी रेती बसली होती. ती कधी गाडी घेऊन पुळणीवर गेली नव्हती. मग तिचं लक्ष मागच्या बंपरखालच्या हुकाकडे गेलं. त्याचा रंग खरवडून निघाला होता, आणि खाचेत निळ्या नायलॉनच्या दोराचे चारपाच धागे अडकले होते. तसला दोर त्यांच्या घरी एकाच वस्तूला होता. सुदेशच्या होडीला.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी किशोरी सासूबरोबर खारेपाटणला लग्नाला गेली होती. संध्याकाळी परत आली तर होडी किनाऱ्यावर वर चढवलेली, माडाच्या झापांनी शाकारून तयार. "कोण कोण इल्ले ओढूक?" तिने विचारलं होतं. "इल्ले चार जण," सुदेश म्हणाला होता, आणि आंघोळीला निघून गेला होता.

पावसाळ्याआधी होडी वर ओढणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हेच. घरटी एक माणूस यायचा असतो. खाली वासे टाकायचे, खांदे लावायचे, एका सुरात जोर करायचा. मजुरी कोणी घेत नाही. आज मी तुझ्या होडीला, उद्या तू माझ्या. हिशेब एवढाच, पण तो पिढ्यान् पिढ्या कोणी विसरत नाही. सुदेश गेली दोन वर्षं मेमध्ये पर्यटकांना डॉल्फिन दाखवत फिरत होता. सीझनचे दिवस, कोण सोडणार. दोन वर्षांत तो कोणाच्याही होडीला खांदा द्यायला गेला नव्हता. मग यंदा त्याच्या होडीला कोण येणार? त्याच्या बापाने, भिकाजींनी, नुसती हाक मारली तर चाळीस माणूस पुळणीवर उतरायचं. झिलाने हाका मारल्या आणि कुत्रंही आलं नाही. तेव्हा त्या शहाण्याने दोर काढला, बायकोची गाडी रेतीत घातली, आणि टनभर होडी तिच्या शेपटीला बांधली.

किशोरीला हे सगळं तिथे वाकल्या वाकल्या कळलं. तिने धागे ओढून काढले, मुठीत धरले आणि सुदेशकडे पाहिलं. तो मोबाईलमध्ये मान घालून उभा होता. मोबाईलचा पडदा काळा होता.

"गाडीने काही ओढलं असेल," कौस्तुभ सांगत होता, "तर क्लेम संपला. वर सिस्टीममध्ये तशी नोंद पडते, मग पुढे इंजिन, गिअरबॉक्स, कशालाच वॉरंटी राहत नाही. पण चालवणाऱ्याची सवय चुकीची असेल, तर कंपनी नवीन गिऱ्हाइकाला एकदा सवलत देते. सगळं कंपनी भरते. फक्त चालवणाऱ्याने तसं लिहून द्यायचं."

सुदेशने मान वर केली. "नवीनच शिकलीय ती," तो म्हणाला. "पाय क्लचवरच असतो तिचा. मी किती वेळा सांगितलंय."

ऑफिसात शिरलं की आमच्या माणसाच्या तोंडी किती शुद्ध मराठी येतं बघा. किशोरीची कानशिलं तापली. मूठ उघडून धागे टेबलावर टाकायचे, एवढंच करायचं होतं. आणि मग काय? क्लेम संपला. पदरचे पैसे घालून गाडी दुरुस्त करायची तर होडीच्या इंजिनाचे हप्तेच अजून फिटले नव्हते. गाडी इथेच टांगलेली राहील, आणि आई वालावलला घरापुढच्या खळ्यात बसून वाट बघेल.

कौस्तुभने छापील कागद पुढे सरकवला. 'वाहन चालवताना डावा पाय सतत क्लचवर ठेवण्याची माझी सवय असून त्यामुळे सदर बिघाड झाला आहे.' खाली चालवणाऱ्याची सही. किशोरीने सही केली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कोणाला?

पार्ट कोल्हापूरहून यायला अकरा दिवस लागले. ते तीन डायलिसिस तिने रिक्षावाल्याच्या हातापाया पडून काढले. सुदेशशी ती त्याबद्दल एकदाच बोलली. "कोण इलो नाय, ह्या माका सांगूक तुमका लाज वाटली?"

"तुका नाय," तो म्हणाला. "बाबांका कळता नये. मरतले ते."

गाडी घरी आली त्या दिवशी भिकाजींनी चावी मागून घेतली. सुदेशने त्यांना कागद दाखवला होता. म्हातारा वाईट नव्हता. पण कोकणी माणूस देवाच्या खालोखाल कागदाला मानतो.

"तू आता गाडयेक हात लावचो नाय," ते म्हणाले. "तुज्या आवशीक सुदेश न्हेतलो. उद्या घाटीत काय झाला तर दोघी मराल."

"बाबानू, माजो पाय क्लचवर नसता. इचारा तुमच्या झिलाक."

"कागदार सही कोणाची?"

सुदेश मागच्या दारी जाळं बघत बसला होता. त्याला ऐकू जात होतं. किशोरी थांबली, त्याने एक शब्द बोलावा म्हणून थांबली. मग आत गेली.

जुलैभर सुदेशने सुभद्राला इमानेइतबारे नेलं-आणलं, तेवढं त्याच्याबद्दल खोटं बोलता येणार नाही. बोलायचा कमी, पण तिला हाताला धरून उतरवायचा. नारळी पुनव झाली, होडी पाण्यात गेली, आणि बांगडा लागला. एका शुक्रवारी पहाटे तो निघाला. "आठाक परत येतंय," म्हणाला. दहाची डायलिसिसची वेळ ठरलेली होती. साडेआठ वाजले, नऊ वाजले. फोन लागेना. समुद्रात तो लागतच नाही.

किशोरी सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. "बाबानू, चावी द्या. आजच्या दिवस."

"येतलो तो. धीर धर."

"ती बसान रवली आसतली."

"किशोरी, तुका मी चेडवासारखी मानतंय. म्हणानच देणंय नाय."

तिने एसटी धरली, मालवणला बदलली, आणि वालावलला पोचली तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. सुभद्रा नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. शेजारी सांगायला लागली की रिक्षा बघूया म्हटलं तर म्हातारी ऐकेना. माजा चेडू येतला, एवढंच म्हणत होती. पाय सुजले म्हणून चपला काढून ठेवल्या होत्या. किशोरीने सेंटरला फोन केला. आजच्या मशीन भरल्या, उद्या सकाळी सातला आणा, असं उत्तर आलं.

"चुकला तर चुकला एक," सुभद्रा म्हणाली. "तुज्या घोवाक काय बोला नको. कामाचो माणूस."

किशोरी रात्री तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुभद्राला श्वास घेता येईना. अ‍ॅम्ब्युलन्स आली, लवकरही आली. नेरूरच्या पुढे सुभद्राने किशोरीच्या दंडावरची पकड सोडली. किशोरीला समजलं, तरी ती कुडाळपर्यंत तिचा हात चोळत राहिली.

तेरावं आटोपून चार-पाच दिवसांनी ती तोंडवळीला परत आली तो मंगळवार होता. भिकाजी खळ्यातच उभे होते, जणू तिची वाट बघत. या पंधरा दिवसांत त्यांची पाठ वाकली होती. सुदेश ओट्याच्या कडेला बसला होता.

"काल सांगल्यान ह्येणा माका," भिकाजी म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "होडी ओढूक कोण इलो नाय ता. गाडी बांधली ता. तुजी चूक नाय हुती." त्यांनी हात पुढे केला. हातात चावी होती. "घे. गाडी तुजी. आता तुका कोण अडवचो नाय."

किशोरीने चावीकडे पाहिलं. तिला राग यायला हवा होता, पण तो आला नाही. नुसतं थकल्यासारखं झालं.

"आज मंगळवार," ती म्हणाली. "खंय जांव मी, बाबानू?"

भिकाजींचा हात तसाच पुढे राहिला. सुदेशने मान वर केली नाही. किशोरी दोघांच्या मधून आत गेली, पिशवी खाली ठेवली आणि दुपारच्या भाताचे तांदूळ धुवायला घेतले.